पीळ आणि पडदा

एक मुलगा गुडघे दुखतात म्हणून माझ्या दवाखान्यात यायचा. वय अकरा. चष्म्याच्या काचा इतक्या जाड की बाजूने पाहिले तर आत वर्तुळांत वर्तुळे दिसत. बोलणे किंचित नाकातून, कारण जन्मतः टाळू फाटलेली होती आणि ती लहानपणीच शिवून घेतली होती. मी गुडघे चाचपायचो, गोळ्या द्यायचो आणि ‘फार उड्या मारू नको’ असे सांगून पाठवून द्यायचो. चष्मा हे चष्मेवाल्याचे काम. टाळू हे सर्जनचे काम, आणि ते तर उरकलेले. वडिलांचा डावा डोळा गेलेला होता, पण त्यालाही घरात कारण तयार होते: लहानपणी विटी लागली. या चार गोष्टी मी कधी एका कागदावर एकाखाली एक लिहिल्या नाहीत. लिहिल्या असत्या तर पुढचे वाचायला डोळ्यांचा डॉक्टर लागला नसता. मग एक दिवस मुलगा आईला म्हणाला, “माका ह्या बाजून काय दिसणा नाय.” तो हे सांगायला लागला तोवर डोळ्याचा पडदा मधोमध सुटलेला होता, आणि कधी सुटला हे त्यालाही सांगता येईना. एका डोळ्याने काम भागत होते. मूल कशाला तक्रार करेल?

ओळख पटू नये म्हणून इथे दोन-तीन घरांचे तपशील मी एकत्र केले आहेत. चूक मात्र एकट्या माझी आहे, तिच्यात भेसळ नाही. या पुस्तिकेच्या लेखकांनी प्रस्तावना एखाद्या नामवंत नेत्रशल्यचिकित्सकाकडे न मागता मालवण तालुक्यातल्या एका निवृत्त जनरल प्रॅक्टिशनरकडे मागितली, याचे कारण बहुधा हेच असावे. ज्याच्या हातून निसटते त्याला निसटण्याची जागा ठाऊक असते.

पुस्तिकेचा विषय ऐकायला फार अरुंद वाटेल. शरीराच्या संयोजी ऊतींचा, म्हणजे शरीर बांधून धरणाऱ्या धाग्यांचा, आनुवंशिक दोष असलेल्या माणसांच्या डोळ्याचा पडदा सुटणे आणि तो शस्त्रक्रियेने परत बसवणे. अशी घरे किती असणार? फार नाहीत. पण ज्या घरात हा आजार आहे त्या घरात तो एकदा होऊन थांबत नाही. दुसऱ्या डोळ्याला होतो, धाकट्या बहिणीला होतो, पुढच्या पिढीत होतो, आणि दर वेळी घरात नवे कारण सापडते. कधी विटी, कधी चेंडू, कधी ‘कुणाची तरी नजर’. विटीचे कारण अगदीच खोटे असते असेही नाही. असा डोळा आधीच ताणलेला असतो आणि हलका मार त्याला पुरतो. पण गावातल्या इतर शंभर मुलांना विट्या लागल्या आणि त्यांचे डोळे जागेवर राहिले, हा प्रश्न कुणी विचारत नाही. मीही विचारला नव्हता.

आमच्या किनाऱ्यावरच्या माणसाला हा आजार समजावणे खरे तर सोपे आहे, कारण आम्हाला सुंभ माहीत आहे. नारळाची सोडणे खाडीच्या पाण्यात कुजत घालायची, झोडपून काथ्या मोकळा करायचा आणि पीळ देत देत दोर वळायचा. एकेक काडी चिमटीत तुटते, पण पीळ बसला की तोच दोर होडी बांधून ठेवतो. शरीरातला कोलॅजन हा असाच तीन पदरी पिळाचा दोर आहे. त्याची रचना उलगडण्यात मद्रासच्या गो. ना. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांचा मोठा वाटा होता. १९५४ आणि १९५५ साली त्यांनी ती ‘नेचर’मध्ये मांडली. परदेशी प्रयोगशाळा मागे पडाव्यात असे ते काम होते, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याला ओळभर जागा मिळते याचे मला वाईट वाटत आले आहे. त्या दोराची खुबी अशी की प्रत्येक पदरात दर तिसऱ्या जागी ग्लायसीन नावाचा सर्वांत लहान घटक असतो. पीळ घट्ट बसायला आतल्या बाजूला तेवढीच जागा असते. तिथे एखादा जाडजूड घटक येऊन बसला तर पीळ फुगतो. आणि दोर वळायला मुळात काथ्याच निम्मा पुरवला गेला तर दोर होतो, पण विरळ.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असे आपण हट्टी माणसाबद्दल म्हणतो. या घराण्यांत उलटे आहे. सुंभ शाबूत दिसतो, पीळच कमी पडतो, आणि तो कमी पडलेला पीळ पिढ्यान्‌पिढ्या जात नाही.

कोलॅजनचे अनेक प्रकार आहेत. त्यातला दुसऱ्या क्रमांकाचा प्रकार कूर्चेत असतो, म्हणजे सांध्यांच्या टोकांवर, मणक्यांमधल्या चकत्यांत आणि आतल्या कानात. तोच प्रकार डोळ्यातल्या जेलीतही असतो. गुडघा, कान, टाळू आणि डोळा हे चार वेगळे डॉक्टर पाहतात, पण दोर वळणारा कारखाना एकच आहे. माझ्या चार ओळी एका कागदावर का यायला हव्या होत्या, ते इथे कळते.

हे पहिल्यांदा एका कागदावर लिहिले गेले ते अमेरिकेत, मिनेसोटातल्या मेयो क्लिनिकमध्ये. तिथले बालरोगतज्ज्ञ गुन्नार स्टिकलर यांच्याकडे बारा वर्षांचा एक मुलगा आला. सांधे जाड झालेले, दृष्टी खूप जवळची, आणि आई पूर्ण आंधळी. स्टिकलर मुलापाशी थांबले नाहीत. त्यांनी घराणे काढले आणि त्यांना पाच पिढ्या सापडल्या. त्यातल्या एकाला १८८७ साली मेयो घराण्यातल्या डॉक्टरांनीच तपासल्याची नोंद निघाली. १९६५ साली त्यांनी हे सगळे प्रसिद्ध केले आणि आज तो आजार स्टिकलर सिंड्रोम म्हणून ओळखला जातो. मला या हकिकतीत जनुकापेक्षा ती नोंदवही मोठी वाटते. जुने कागद कुणीतरी टाकून दिले नव्हते.

बहुतेक स्टिकलर कुटुंबांत दोष असतो तो दुसऱ्या प्रकारच्या कोलॅजनच्या जनुकात. दोन प्रतींपैकी एक प्रत मधेच थांबते आणि माल निम्मा तयार होतो. काही घरांत याच जनुकाच्या एका विशिष्ट तुकड्यात दोष असतो. हा तुकडा डोळ्यात वापरला जातो, कूर्चेत मात्र गाळला जातो. अशा घरांत सांधे ठणठणीत, टाळू धड, कान तिखट, आणि डोळे तेवढे धोक्यात. म्हणजे ‘आमच्यात कुणाला सांधेदुखी नाही’ एवढ्यावर निश्चिंत होता येत नाही. काही घरांत अकराव्या प्रकारच्या कोलॅजनचा दोष असतो. तिथे ऐकू कमी येण्याचे प्रमाण जास्त दिसते.

दुसरे घराणे मार्फानचे. आन्त्वान मार्फान या पॅरिसच्या डॉक्टरांनी १८९६ साली एका पाच वर्षांच्या मुलीच्या लांबलचक बोटांचे वर्णन केले. गंमत अशी की त्या मुलीला आजच्या अर्थाने मार्फान सिंड्रोम नव्हता, दुसराच आजार होता, असे अनेक अभ्यासक मानतात. नाव मात्र चिकटले. इथे दोष असतो फायब्रिलिन नावाच्या धाग्यात, आणि त्याचे जनुक १९९१ साली सापडले. साधारण पाच हजारांत एकाला हा आजार असतो. आमच्याकडे अशा मुलाला ‘माडासारखो वाढलो’ म्हणतात आणि कौतुकाने म्हणतात. हात पसरले की दोन टोकांमधले अंतर उंचीपेक्षा जास्त भरते, अंगठा मुठीत घेतला की करंगळीच्या बाजूने बाहेर डोकावतो. डोळ्यातले भिंग ज्या बारीक दोऱ्यांनी टांगलेले असते त्या सैल पडतात आणि भिंग सरकते, बहुधा वर आणि बाहेरच्या बाजूला. अर्ध्याहून अधिक जणांत ते होते. पण मार्फानमध्ये जीव जातो तो डोळ्यामुळे नाही. हृदयातून निघणारी महारोहिणी मुळाशी फुगत जाते आणि एक दिवस फाटते. म्हणून सरकलेल्या भिंगासाठी आलेल्या उंच मुलाचा इकोकार्डिओग्राम न करता त्याला टेबलावर घेणे ही घोडचूक आहे, आणि तो इको काढायला सांगणारा पहिला माणूस बरेचदा डोळ्यांचा डॉक्टरच असतो.

आता पडदा. ‘रेटिना’ हा शब्द लॅटिनमधल्या जाळ्यावरून आला आहे, हे मला फार उशिरा कळले. कळल्यावर वाटले, आपल्याकडे ‘पडदा’ऐवजी जाळे म्हटले असते तर मालवणात सगळ्यांना पटकन समजले असते. पाव मिलिमीटर जाडीचे हे जाळे डोळ्याच्या आतल्या भिंतीला चिकटलेले असते. चिकटलेले म्हणजे गोंदाने डकवलेले नव्हे. भिंतीकडच्या पेशी मागून सतत पाणी शोषून घेतात म्हणून ते टेकून राहते. पुढच्या पोकळीत साधारण चार मिलिलिटर जेली असते, नव्वद टक्क्यांहून खूप जास्त पाणी आणि त्यात कोलॅजनचे बारीक तंतू. साध्या डोळ्यात ही जेली वयाबरोबर विरघळते आणि साठीच्या आसपास पडद्यापासून शांतपणे सुटते. स्टिकलरच्या डोळ्यात ती जन्मापासूनच नीट तयार झालेली नसते. बरीचशी पोकळी पाण्याने भरलेली आणि पुढच्या भागात एखादा पातळ पापुद्र्यासारखा अवशेष. शिवाय डोळा लांब असतो. सरासरी डोळा चोवीस मिलिमीटरचा, आणि प्रत्येक जादा मिलिमीटरला चष्म्याचा नंबर अडीच-तीनने चढतो. लांबलेल्या डोळ्यात पडदा ताणला जातो, कडेला पातळ पडतो. कुठेतरी जेलीचा एक धागा ओढ देतो आणि भोक पडते. भोकातून पाणी मागे शिरते आणि जाळे भिंतीवरून उचलले जाते. या सगळ्यात दुखत नाही. एवढी मोठी मोडतोड होते आणि एक कळ येत नाही, हीच या आजाराची सर्वांत वाईट खोड आहे. विजा चमकल्यासारखे दिसणे, अचानक काळ्या माश्यांचा थवा, मग एका बाजूने वर चढणारी सावली. मोठी माणसे हे सांगतात. सहा वर्षांचे मूल सांगत नाही.

भोक हेच कारण, हे पटायला जगाला फार वेळ लागला. १८५१ साली हेल्महोल्ट्झने डोळ्याच्या आत पाहायचे यंत्र आणले आणि सुटलेला पडदा दिसू लागला, पण त्यानंतर सत्तर वर्षे डॉक्टर पाणीच उपसत राहिले. रुग्णाला आठवडेच्या आठवडे डोके न हलवता झोपवायचे, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावायच्या. हजारात एखादा बरा होई, असा त्या काळचा हिशेब आहे. स्वित्झर्लंडच्या लोझानमधल्या ज्यूल गोनँ यांनी हट्टाने सांगितले की होडीत पाणी येत असेल तर उपसत बसू नका, आधी भोक शोधा. ते तापलेल्या सुईने नेमक्या भोकावर डाग देत आणि पडदा भिंतीला जखमेच्या व्रणाने चिकटवत. १९२९च्या आम्स्टरडॅमच्या नेत्रपरिषदेत त्यांचे म्हणणे मान्य झाले, तोवर त्यांची दहा वर्षे वादात गेली होती.

पुढचा इतिहास पुस्तिकेत आहे, मी दोनच माणसांपाशी थांबतो. पहिले चार्ल्स शेपेन्स. बेल्जियमचे हे डॉक्टर दुसऱ्या महायुद्धात खोट्या नावाने फ्रान्सच्या डोंगरात लाकडाची गिरणी चालवत आणि जर्मनांपासून पळणाऱ्यांना स्पेनच्या हद्दीत पोचवत. युद्धानंतर बोस्टनला गेल्यावर त्यांनी डोक्यावर दिवा बांधून दोन्ही डोळ्यांनी पडद्याची अगदी कडेची किनार पाहण्याचे यंत्र रुळवले. आज स्टिकलरच्या मुलाची तपासणी करताना डॉक्टरच्या कपाळावर दिसतो तो हाच दिवा. दुसरे रॉबर्ट माखेमेर. १९७०च्या सुमाराला मायामीत त्यांनी डोळ्यातली जेली कापून ओढून घेण्याचे हत्यार तयार केले, आणि त्याआधी अंड्याच्या पांढऱ्या बलकावर हात बसवला. त्या दिवसापासून डोळ्याच्या आत शिरून काम करता येऊ लागले.

या घराण्यांतल्या डोळ्यांना ते शिरणे बरेचदा लागते, कारण इथे भोक नेहमी बारीक नसते. अनेकदा पडद्याच्या कडेची चौथाई किंवा त्याहून जास्त लांबी फाटते, आणि फाटलेली किनार चादरीच्या काठासारखी आत दुमडून पडते. ती उलगडायची कशी? एके काळी रुग्णाला फिरत्या टेबलाला बांधून पालथा करत आणि सर्जन जमिनीवर उताणा झोपून वर पाहत शस्त्रक्रिया करत असे. १९८७च्या सुमाराला न्यूयॉर्कच्या स्टॅन्ली चँग यांनी पाण्याच्या जवळपास पावणेदोनपट जड असा एक स्वच्छ द्रव डोळ्यात सोडून पाहिला. तो तळाशी बसतो आणि दुमडलेला पडदा स्वतःच्या वजनाने सपाट करत किनाऱ्याकडे सरकवतो. भरतीचे पाणी ओले जाळे वाळूवर पसरवते तसे. त्या एका द्रवाने जमिनीवर झोपणारे सर्जन उठून उभे राहिले.

पण जमले म्हणजे संपले असे नाही. मुलांच्या डोळ्यात जेलीचे अवशेष पडद्याला चिवटपणे धरून असतात आणि ते सोडवताना नवी भोके पडू शकतात. बरे होताना पडद्यावर व्रणाचे पापुद्रे चढतात, आकसतात आणि बसवलेला पडदा पुन्हा ओढून काढतात. म्हणून या डोळ्यांना एक शस्त्रक्रिया क्वचित पुरते. डोळ्याभोवती सिलिकॉनचा पट्टा, आतून लेसर, मग डोळा वायूने किंवा सिलिकॉन तेलाने भरणे, काही महिन्यांनी तेल काढणे, मधे मोतीबिंदू, कधी काचबिंदू. मार्फानमध्ये बाहुली नीट मोठी होत नाही आणि डोळ्याची भिंत पातळ असते. पट्टा शिवताना सुई आरपार जायची भीती. स्टिकलरच्या काही मुलांचा खालचा जबडा लहान असतो, भूल देताना श्वासनलिकेत नळी घालणे कठीण जाते. भूलतज्ज्ञाला हे आदल्या दिवशी सांगितले पाहिजे, टेबलावर नव्हे. आणि मूल सात-आठ वर्षांच्या आतले असेल तर पडदा बसल्यावरही मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकलेला असतो. चांगला डोळा पट्टीने झाकून आळशी डोळ्याला कामाला लावावे लागते, महिनोन्‌महिने. ते काम आईचे असते. त्याचे श्रेय कुठल्याच ऑपरेशनच्या नोंदीत येत नाही.

पुस्तिकेतले एक प्रकरण मी लेखकांना हट्टाने घालायला लावले. ते घाटाचे आहे. सिंधुदुर्गातला माणूस पडद्याच्या शस्त्रक्रियेला जातो तो मुंबईला, गोव्याला, नाहीतर घाट चढून कोल्हापूर, मिरज, बेळगावला. बांबोळीचे गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, तर आमच्यासाठी जिल्ह्याचेच रुग्णालय असल्यासारखे आहे. १८४२ साली पोर्तुगिजांनी सुरू केलेल्या वैद्यकशाळेचा तो वारसा. मुंबई आणि गोवा समुद्रसपाटीला आहेत. कोल्हापूर साडेपाचशे मीटरवर, बेळगाव साडेसातशेच्या आसपास, वाटेतली घाटावरची आंबोली सातशेला थोडी कमी. आता डोळ्यात वायूचा बुडबुडा भरलेला माणूस समजा. समुद्रापाशी हवेचा दाब जितका, त्यापेक्षा सातशे मीटरवर सुमारे आठ टक्के कमी. दाब घटला की वायू फुगतो. डोळा म्हणजे फुगा नव्हे, त्याची भिंत ताणली जात नाही, म्हणून फुगलेला वायू डोळ्यातला दाब चढवतो, आणि तो चढला की डोळ्याचा रक्तपुरवठा गुदमरतो. मालवणला घरी येऊन विश्रांती घेतलेला रुग्ण पंधराव्या दिवशी तपासणीसाठी एस.टी.ने आंबोली चढतो, वळणावर डोळा ठणकू लागतो, उलटी होते, आणि सोबतचा माणूस म्हणतो, गाडी लागली. उतरताना उलटे, वायू आकसतो आणि डोळा मऊ पडतो. ते बहुधा निभावते. विमान तर बोलायलाच नको. आत दाब राखलेला असला तरी तो साधारण अठराशे ते चोवीसशे मीटर उंचीइतकाच असतो. २०२१ साली चिपीचा विमानतळ सुरू झाल्यापासून हा प्रश्न आमच्याही दाराशी आला.

वायू कोणता भरला यावर किती दिवस जपायचे ते ठरते. एक दोनेक आठवड्यांत विरतो, दुसरा सहा ते आठ आठवडे टिकतो. तोवर घाट नाही, विमान नाही, आणि दुसऱ्या कुठल्या शस्त्रक्रियेसाठी भूल देताना नायट्रस ऑक्साइड नाही. सिलिकॉन तेलाला उंचीची भीती नाही, पण ते काढायला परत जावे लागते. कोणते भरायचे हे सर्जन पडदा पाहून ठरवतो, आणि ते बरोबरच आहे. पण आपले गाव कुठे, रस्ता कुठून, पुढची तपासणी कुठे, हे त्याला आधी कळायला हवे, आणि ते सांगण्याचे काम रुग्णाचे. पत्ता सांगताना ‘तालुका मालवण’ एवढे पुरत नाही. ‘घाटाखाली’ असे सांगा.

पालथे पडून राहण्याविषयी पुस्तिकेत चित्रे आहेत. वायू वर जातो, म्हणून फाटलेली जागा वर येईल असे डोके ठेवायचे, दिवसाचे बरेच तास, बरेच दिवस. उन्हाळ्यात कोकणात हे किती जड जाते ते चित्रात दिसत नाही. माझ्या माहितीतल्या एका आजीने नातवाला ओटीवर पालथा झोपवून खालच्या पायरीवर मोबाइल ठेवला होता. वैद्यकीय सल्ल्यात हे कुठे नव्हते. पोर मात्र हलले नाही.

आता पुस्तिकेतले सर्वांत वादाचे प्रकरण. पडदा सुटायच्या आधीच काही करता येईल का? केंब्रिजच्या अ‍ॅडनब्रूक्स रुग्णालयात मार्टिन स्नीड आणि सहकारी स्टिकलरच्या पहिल्या प्रकारात, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या कोलॅजनचा दोष असलेल्यांत, पडद्याच्या कडेने सबंध वर्तुळात गोठवण्याचा उपचार करतात, म्हणजे होडी फुटण्याआधीच तिच्या सांध्यांना डांबर. २०१४ साली त्यांनी जुन्या रुग्णांचा आढावा मांडला. दोन्ही डोळ्यांना उपचार न केलेल्यांत पडदा सुटण्याचा धोका सातपटीहून जास्त आढळला. आकडा डोळ्यात भरणारा आहे. पण हा चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेला प्रयोग नव्हता. मागे वळून केलेली मोजणी होती, आणि काही सर्जन गोठवण्याऐवजी लेसर पसंत करतात, काही थांबून पाहतात. लेखकांनी दोन्ही बाजू दिल्या आहेत. माझे मत विचाराल तर जिथून शस्त्रक्रियेचे टेबल तासाभरावर आहे तिथे थांबून पाहणे परवडते. इथून ते परवडत नाही. हे मत जनुकशास्त्राचे नाही, एस.टी.च्या वेळापत्रकाचे आहे.

आणि उपचार करा अगर करू नका, तपासणी तरी वेळेवर हवी. दुभंगलेल्या टाळूचे मूल जन्मले की ते टाळूच्या सर्जनकडे पोचते. शाळांतून मुले तपासणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३पासून चालू आहे, टाळू त्याच्या यादीत आहे, दृष्टीही आहे. पण टाळू आणि चष्मा एकाच मुलाला आहे, म्हणून बाहुली मोठी करून पडद्याची किनार पाहा, असे कुणी जोडून सांगत नाही. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला मोठा नंबर आणि शिवलेली टाळू, एवढे दोन दिसले की बस. भावंडेही न्या.

भावंडांवरून आठवले. हा दोष आईकडूनही येतो, बापाकडूनही, आणि दर अपत्याला निम्मी शक्यता असते. थोरल्याला झाला म्हणून धाकटी सुटली असे नाही, नाणे दर वेळी नव्याने उडते. काही मुलांत तो कुणाकडूनच आलेला नसतो, नव्यानेच उपजतो. मार्फानमध्ये साधारण चारांत एकाचे असे असते. तरी आमच्याकडे सून बोलणी खाते. मुलीच्या पाहणीला चष्मा काढून बसवतात. त्या दिवशी काढलेला चष्मा पुढे वीस वर्षांनी तिच्या मुलाच्या पडद्यावर येतो, कारण सासरच्या कुणालाच काही विचारायचे सुचत नाही. देवाला गाऱ्हाणे घालायला माझा विरोध नाही, मीही घालतो. गाडी सुरू करून घालतो.

या पुस्तिकेची शेवटची दोन पाने कोरी आहेत. त्यांवर चौकोन आणि रेघा आहेत, वंशावळीसाठी. मुद्रणदोष समजून परत करू नका. ज्या मुलापासून मी सुरुवात केली त्याच्या घरी मी गेल्या वर्षी अशी दोन पाने घेऊन गेलो होतो. मुलगा आता कॉलेजात आहे, एका डोळ्याने चांगले दिसते. त्याची बहीण दर सहा महिन्यांनी तपासणीला जाते. आजी नव्वदीच्या घरातली. आम्ही पेन्सिलीने चौकोन भरत वर चढत गेलो. वडील, त्यांचा डावा डोळा, विटी. आजोबांचा चष्मा. आजोबांच्या चुलत्यापाशी येऊन आजी म्हणाली, तो काही कामाचा नव्हता, त्याला होडीवर कुणी घेत नसे. घरी बसून जाळी दुरुस्त करायचा. दिवा लागत नसे त्याला, बोटांनीच गाठी शोधायचा. मी विचारले, आणि बोलायचा कसा? आजी जरा थांबली. तोंडावर पदर घेतला, हसली, आणि नाकातून बोलून दाखवले.